पाठीवरचा नंबर: नऊ वर्षांच्या मुलीला जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेत उतरवावं का?

शेंगाचटणी (धागाकर्ती)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

लेक नऊ वर्षांची, चौथीत. दोन वर्षांपूर्वी उन्हाळी शिबिरात तिला जिम्नॅस्टिक्सचा नाद लागला. सोलापूरचा एप्रिल म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. वर पत्रे, आत भट्टी, आणि ही बया घामाने निथळत हसत बाहेर यायची. तेव्हापासून आठवड्याच्या पाच संध्याकाळी जाते. घरी सोफ्याच्या पाठीवर पाय टाकून स्प्लिट, स्वयंपाकघराच्या दारात हँडस्टँड. भाकरी थापताना माझ्या तोंडासमोर दोन तळपाय असतात.

प्रश्न तिच्या सरांचा आहे (नाव लिहिणार नाही, कुणी तर्क लढवू नका). स्पर्धेचं नाव काढलं की ते विषय बदलतात. दोन वर्षांत कुठेही नेलं नाही. मागच्या महिन्यात मी धरूनच बसले, तर म्हणाले, "तीस मोजेपर्यंत हँडस्टँड सरळ राहू दे. पडायला शिकू दे. मग बघू." पडायला शिकवायची फी भरतेय का मी, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

दुसरा एक क्लास आहे, आमच्या घरापासून लांब. तिथे चार महिन्यांत पोरं स्पर्धेला जातात. चौकात अभिनंदनाचे फ्लेक्स, त्यावर आधी सरांचा फोटो, मग प्रायोजकाचा, मग उरलेल्या जागेत पोरं. लेकीची मैत्रीण जूनमध्ये तिकडे गेली आणि परवा ब्राँझ घेऊन आली. गटात मुली किती होत्या ते मी खोदून खोदून विचारलं. तीन होत्या. पण पदक ते पदक. परिपाठाला बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या.

त्या दिवशी आमची घरी येऊन रडली. मला वाटलं पदकासाठी. तर म्हणते, "आई, तिच्या पाठीवर नंबर लावला होता. मला पण नंबर पाहिजे."

आता सांगा. हे सर घाबरट आहेत, आळशी आहेत, की त्यांचंच बरोबर आहे? क्लास बदलू का? ज्यांनी हा खेळ जवळून पाहिलाय त्यांनी लिहा. बाकीच्यांनीही लिहा, लिहिणारच आहात.

दक्षिणकसबा

रुमाल टाकून ठेवतो. आमचाही चिरंजीव याच वाटेवर आहे. फ्लेक्सवरच्या फोटोंचा क्रम वाचून हसलो. एकदम सोलापूर.

हिशोबी_बाप

धागाकर्तीताई, भावनेत अडकू नका. स्पर्धेला जायचं ते प्रमाणपत्रासाठी. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. शालेय स्पर्धांची शिडी मनपा किंवा तालुका, मग जिल्हा, मग विभाग (आपला पुणे विभाग), मग राज्य. त्या शिडीवर लवकर पाय ठेवलेला बरा. जे सर स्पर्धेला नेत नाहीत, ते मुलाचं नुकसान करतात. हँडस्टँड तीस मोजेपर्यंत राहिला म्हणून कुठलं कॉलेज प्रवेश देणार आहे?

शेंगाचटणी

हिशोबी, ती चौथीत आहे हो. दहावीला सहा वर्षं आहेत.

हिशोबी_बाप

सहा वर्षं कशी जातात कळत नाही. अनुभवाचे बोल.

पार्कचौक_८८

मी स्वतः खेळलोय, राज्यापर्यंत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या वेळी काथ्याच्या गाद्या होत्या. त्यावर फ्लिक-फ्लॅक (मागे हातांवर उलटी उडी) मारली की धूळ उडायची आणि मनगटात सणक जायची. सर (आता हयात नाहीत) स्पर्धेसाठी वेडे. दर रविवारी चाचणी. चाचणीत जो पडेल त्याने बाकीच्यांच्या गाद्या उचलायच्या. मी अकरा वर्षांचा असताना उजवं मनगट दुखायला लागलं. सांगायची सोय नव्हती, कारण तीन आठवड्यांवर जिल्हा होती. पट्टी बांधून खेळलो, पहिला आलो. फोटो अजून आईच्या कपाटावर आहे. तो काढल्यानंतर दोन महिने मला पाटीवर खडू धरता येत नव्हता.

गंमत अशी की मला त्या सरांचा राग येत नाही. खेळाचं वेड त्यांनीच लावलं. पण माझा मुलगा परवा सहज म्हणाला, "मला हे शिकायचंय," आणि माझ्या तोंडून पटकन "नको" गेलं. ते का गेलं याचा विचार करतोय.

ताई, तुमचे सर "पडायला शिकू दे" म्हणाले ना? मला हे वाक्य बाराव्या वर्षी कुणी ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. पडताना हात मागे टेकला की कोपर जातं. खांदा आत घेऊन गोल व्हायचं, ही एकच गोष्ट हजार वेळा करावी लागते. ती कुठल्याच स्पर्धेत दिसत नाही, तिला गुण नाहीत.

पंचाची_वही

"तिला गुण नाहीत" या वाक्याला अर्धी सहमती. मी काही वर्षं पंच म्हणून बसते, म्हणून गुणांचं सांगते. प्रशिक्षकाची स्पर्धेकडे बघायची नजर बरीचशी गुणपद्धतीतून घडते, आणि हे पालकांना कुणी समजावत नाही.

पूर्वी दहापैकी गुण असायचे. १९७६ साली माँट्रियलला नादिया कोमानेचीला पूर्ण दहा मिळाले आणि फलकाला दहा दाखवता येईना, म्हणून त्याने १.०० दाखवलं, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. २००६ पासून ते दहाचं प्रकरण मोठ्या स्पर्धांतून गेलं. आता दोन कप्पे: काठिण्याचे गुण आणि सादरीकरणाचे गुण. सादरीकरण दहापासून सुरू होतं आणि चुकांचे गुण वजा होतात. पाय सुटला, गुडघा वाकला, थोडे थोडे जातात. पडलं की थेट १ गुण गेला. काठिण्याला मात्र वरची मर्यादा नाही. म्हणजे अवघड कसरत टाकली की खाली थोडं सांडलं तरी चालतं, असा हिशोब काही प्रशिक्षक करतात. मोठ्यांच्या खेळात तो डावपेच आहे. नऊ वर्षांच्या पोरीवर तो हिशोब लावला की मला बसल्या जागी घाम फुटतो.

लहान गटांत बहुतेकदा ठरवून दिलेला कसरतींचा संच असतो, तो याचसाठी. सगळ्यांनी तेच करायचं, स्वच्छ करायचं. पण तिथेही काय दिसतं सांगू? कार्टव्हील वाकडी, पाय फाकलेले, आणि शेवटी कुणी न मागितलेली एक हवेतली उडी. ती आईवडिलांच्या मोबाइलसाठी असते. आम्ही गुण कापतो, गॅलरीत टाळ्या पडतात.

आणखी एक, धागाकर्तीसाठी कामाचं. शालेय स्पर्धेत सगळ्यात लहान गट १४ वर्षांखालचा. तुमची नऊची पोर तिथे तेरा वर्षांच्या मुलींच्या रांगेत उभी राहील. संघटनांच्या स्पर्धांत लहान वयाचे वेगळे गट असतात, उतरवायचंच तर तिथे बघा.

सडेतोड

सगळं खरं, पण आजकालची पोरं फार जपली जाताहेत असं नाही वाटत? स्पर्धेशिवाय माणूस घडत नाही. १९९६ ला अटलांटात केरी स्ट्रगने पहिल्या उडीत दुखावलेल्या घोट्यावर पुन्हा व्हॉल्ट (घोड्यावर हात टेकून मारायची उडी) मारला, अमेरिकेला सांघिक सुवर्ण मिळालं, प्रशिक्षक बेला कारोलीने तिला उचलून पोडियमपर्यंत नेलं. त्याला म्हणतात जिद्द. आमचे मास्तर फोकाने मारायचे, आम्ही मेलो का?

पंचाची_वही

सडेतोड, ते चित्र मलाही पाठ आहे. त्याचा पुढचा भाग कमी लोकांना माहीत असतो. बाकी गुण लागल्यावर दिसलं की तिच्या त्या दुसऱ्या उडीशिवायही सुवर्ण अमेरिकेचंच झालं असतं. आणि त्या घोट्यामुळे तिला वैयक्तिक फेऱ्या सोडाव्या लागल्या.

आता २०२१ चं टोकियो घ्या. सिमोन बाइल्स सांघिक अंतिम फेरीत व्हॉल्टवर गेली, अडीच पिळे घ्यायचे होते, दीडच झाले. हवेत आपण कुठे आहोत हेच तिला कळेना. ती बाहेर पडली, प्रशिक्षकांनी ढकललं नाही. संघाला रौप्य मिळालं. जगभर शिव्या खाल्ल्या, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये तीच तीन सुवर्णं घेऊन गेली. १९९६ मध्ये असं बाहेर पडायची सोय होती का, विचार करा.

आणि फोकाने मारलेले मेले नाहीत हे खरं. पण त्यातले किती जण खेळात टिकले?

सडेतोड

मी तरी टिकलो नाही. 😀 हलके घ्या. पण मुद्दा सोडत नाही.

ओस्लोचा_हुरडा

मूळ गाव बार्शी, सध्या नॉर्वेत. इकडची पद्धत सांगतो, चालेल तर घ्या.

इथे खेळाच्या महासंघाने १९८७ पासूनच मुलांच्या खेळासाठी नियम केलेत. पहिला-दुसरा अशी निकालाची यादी लागते ती ज्या वर्षी मूल अकराचं होतं तेव्हापासून. राष्ट्रीय पातळीची स्पर्धा तेराव्या वर्षाच्या आत नाही. लहानांना बक्षीस द्यायचंच तर सगळ्यांना द्यायचं. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, शनिवारी जिम्नॅस्टिक्सला जाते. तिच्या "स्पर्धेत" सगळ्यांना तोच बिल्ला आणि तेच सॉसेज.

सडेतोड म्हणतील, मग हे लोक जिंकतात कसे? २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये नॉर्वेने १६ सुवर्णं जिंकली. एका हिवाळी ऑलिंपिकमध्ये तोपर्यंत कुठल्याच देशाने तेवढी जिंकली नव्हती. देश केवढा? पंचावन्न लाखांच्या आसपास.

हिशोबी_बाप

हुरडासाहेब, तिथे पोराला सरकारी नोकरीच्या फॉर्मवर क्रीडा प्रमाणपत्र जोडावं लागतं का? नाही ना? मग तुमचं सॉसेज तुम्हाला लखलाभ.

ओस्लोचा_हुरडा

मान्य. ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

पूर्वभाग_मास्तर

नमस्कार. मी शिकवतो. कुठं शिकवतो ते विचारू नका. रात्री साडेनवाला हॉल बंद करून आलोय, जेवायच्या आधी लिहितोय.

सगळे प्रशिक्षकांबद्दल बोलालेत, म्हणून एका प्रशिक्षकाचं ऐका की ओ.

माझी फी महिना सहाशे रुपये. चाळीस पोरं कागदावर, त्यातली पंधरा फी देत नाहीत आणि मी मागत नाही. कुणाची आई विड्या वळते, कुणाचा बाप यंत्रमागावर रात्रपाळी करतो. घरात तेलुगू, शाळेत मराठी, माझ्याकडं शिट्टीची भाषा. ही पोरं अंगानं काटक, भीती म्हणून नसते. आता माझा प्रश्न ऐका. एखाद्या पोराला मी दोन वर्षं स्पर्धेला नेलं नाही, तर काय होतं? त्याचा बाप म्हणतो, "सर, काय उपयोग?" आणि पोराला दुकानावर बसवतो. त्याच्या घरी प्रमाणपत्र हा खेळाचा पुरावा आहे. भिंतीला लावलं की पाहुणे विचारतात, मग आई म्हणते, जाऊ दे अजून एक वर्ष. म्हणजे एका स्पर्धेनं मी पोराचं एक वर्ष विकत घेतो. हे सत्य आहे, बरं दिसो वाईट दिसो.

दुसरी गोष्ट. मागं सहा पोरांना घेऊन बालेवाडीला गेलो होतो. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस, डब्यात कडक भाकरी नि शेंगाची चटणी. सहातली चार पोरं पहिल्यांदा सोलापूरच्या बाहेर. त्या हॉलमध्ये स्प्रिंगचं फ्लोअर आहे, बारा बाय बारा मीटरचं. माझ्याकडं काय आहे? जोडून जोडून टाकलेल्या मॅट, मधल्या फटीत पाय जातो. एका पोरानं त्या फ्लोअरवर नुसती उडी मारली आणि माझ्याकडं बघितलं. "सर, हे वर ढकलतंय." त्याचा नंबर शेवटून दुसरा आला. परत येताना दौंडपर्यंत तो त्या फ्लोअरबद्दलच बोलत होता. आता मला सांगा, ती स्पर्धा होती का सहल? मला तर फरक कळत नाही.

आता माझी चूक. ती पण लिहितो. एक पोरगी होती, बारा वर्षांची, हातात कला. स्पर्धेच्या चार दिवस आधी घोटा मुरगळला. ती म्हणाली, खेळते सर. मी म्हटलं, बघ बाई तुझं तू. आता तुम्ही म्हणाल, तिनंच ठरवलं. बारा वर्षांची पोर काय ठरवणार? तिला माझ्या तोंडावर दिसत होतं मला काय पाहिजे ते. मी "खेळ" म्हटलं नाही, पण "नको" बी म्हटलं नाही. बीमवरून (अरुंद पट्टीवरून) उतरताना तोच घोटा गेला. सहा महिने बंद. नंतर आली नाही. रस्त्यात भेटते, "सर" म्हणून हसते, माझी मान खाली.

तेव्हापासून माझा नियम, दुखतंय म्हटलं की यादीतून नाव मीच कापणार. पोर रडू दे, बाप भांडू दे.

ताई, तुमचे सर घाबरट आहेत का मला माहीत नाही. पण जो प्रशिक्षक दोन वर्षं स्पर्धेला नेत नाही, त्याची पोरं दुसऱ्या क्लासला जातात हे त्याला माहीत असतं. दर महिन्याला फी कमी होताना बघत तो "मग बघू" म्हणतोय. म्हणजे एक तर तो आळशी आहे, नाही तर त्याला काहीतरी दिसालंय. आळशी असता तर आठवड्यातनं पाच दिवस हॉल उघडला नसता.

दक्षिणकसबा

मास्तर, जेवलात का?

पूर्वभाग_मास्तर

आता बसतो.

पार्कचौक_८८

मास्तर, त्या पोरीबद्दल लिहिलंत, त्याला हिंमत लागते. माझ्या सरांनी कधीच असं काही म्हटलं नाही. आता त्यांना विचारताही येणार नाही.

मनगट_आणि_मणका

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पार्कचौक_८८ यांच्या मनगटाची गोष्ट वाचून राहवलं नाही.

वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा मऊ पट्टा असतो, तिथून हाड लांब होतं. जिम्नॅस्टिक्स हा अंगाचा भार हातांवर घेणारा खेळ. हँडस्टँड, फ्लिक-फ्लॅक, व्हॉल्टवर हात आपटणं, सगळा दाब मनगटाच्या त्या पट्ट्यावर येतो. दुखतंय तरी खेळत राहिलं तर वाढीवर परिणाम होऊ शकतो. दुसरी जागा कंबर. सारखी मागे कमान करून मणक्याच्या मागच्या कडीला बारीक तडा जातो. पालक म्हणतात, "वाढीचं दुखणं असेल." लहान जिम्नॅस्टची कंबर तीन-चार आठवडे दुखत असेल तर "असेल" म्हणायचं नाही, दाखवायचं.

यात स्पर्धेचा संबंध काय? दुखापती सरावात होतात, पण लपवल्या जातात त्या स्पर्धेच्या तारखेमुळे. माझ्याकडे येणारी मुलं स्पर्धेनंतरच्या सोमवारी येतात. दुखायला लागलेलं असतं महिनाभर आधी.

आणि एक गोष्ट इथे अजून कुणी काढली नाही: वजन. मुलींना सगळ्यांसमोर काट्यावर उभं करणं, "चपाती कमी कर" म्हणणं. ब्रिटनमध्ये जिम्नॅस्टिक्समधल्या वागणुकीवर २०२२ मध्ये मोठा चौकशी अहवाल आला. त्यात वजनाचा छळ, दुखापतीवर सराव करायला लावणं, सरावात पाणी आणि लघवीलाही न सोडणं, सगळं आहे. अमेरिकेत लॅरी नासर नावाच्या संघाच्या डॉक्टरने वर्षानुवर्षं मुलींवर अत्याचार केले, २०१८ मध्ये त्याला शिक्षा झाली, तेव्हा दीडशेहून अधिक जणी न्यायालयात बोलल्या. इतकी वर्षं हे चाललं, कारण "मोठ्यांना उलट बोलायचं नाही" ही शिस्त मुलींच्या अंगात भिनवली होती.

मी घाबरवत नाहीये. हा खेळ सुंदर आहे, माझी भाची खेळते. पण क्लास निवडताना फ्लेक्स बघू नका. संध्याकाळी न सांगता जाऊन अर्धा तास कोपऱ्यात बसा. एखादं मूल "सर, दुखतंय" म्हणतं तेव्हा काय होतं ते बघा. आणि पालकांना आत बसूच देत नसतील, तर तिथूनच परत या.

सडेतोड

वजनाचं माहीत नव्हतं. माझी पुतणी रिदमिक जिम्नॅस्टिक्सला जाते. आज वहिनीला विचारतो.

नंदीध्वज_७

थोडं अवांतर. आमच्या घरात गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) यात्रेत नंदीध्वज धरायची परंपरा आहे. यात्रेच्या कितीतरी आधीपासून सराव असतो. उंच काठी, कमरेच्या पट्ट्यावर तोल, आणि वाटेत खांदेपालट. त्यात पहिला-दुसरा नंबर नाही. सातही ध्वज सोबत निघतात. पण काठी हलली तर अख्खी पेठ बघते, आणि पोरगा लाजेनं पुढच्या वर्षी दुप्पट सराव करतो. चुरस नाही असं कोण म्हणेल? माझा धाकटा भाऊ तिथे घडला, मेडल एक नाही.

धागाकर्तीताईंच्या लेकीला नंबर हवाय तो पहिला-दुसरा असा हवाय की पाठीवरचा कागद हवाय, हे नीट विचारलंत का? मला ते दोन वेगळे वाटले.

पंचाची_वही

नंदीध्वज, अवांतर अजिबात नाही.

प्रशिक्षक आणि स्पर्धा म्हटलं की मला आपल्याकडचे बिश्वेश्वर नंदी आठवतात. दीपा कर्माकरचे सर, आगरताळ्याचे. सपाट तळव्यांची सहा वर्षांची मुलगी, सामान तुटपुंजं. २०१६ च्या रिओत ती व्हॉल्टच्या अंतिम फेरीत गेली, तोवर भारताची एकही मुलगी ऑलिंपिक जिम्नॅस्टिक्सला पोचलीच नव्हती. फेरीच्या आधी तिचा वाढदिवस आला, तर सरांनी फोनमधलं सिमकार्ड काढून ठेवलं. आईवडिलांशी बोलायचं, बस. १५.०६६ गुण मिळाले, चौथी आली, ब्राँझ ०.१५० ने हुकलं. प्रोदुनोव्हा ही तिची उडी त्या वेळच्या काठिण्यात ७.० ची. जगात ती करणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

आता यावरून "बघा, जोखीम घेतली म्हणून पोचली" असंही म्हणता येतं, आणि लोक म्हणतातही. पण ती तेव्हा तेवीस वर्षांची होती. तेवीस आणि नऊ यात चौदा वर्षं आहेत, आणि ती वर्षं कुणीतरी सांभाळली होती.

नादियाच्या वेळी चौदाव्या वर्षी ऑलिंपिक खेळता यायचं. नंतर मुलींची किमान वयाची अट १५ केली, १९९७ पासून १६. आणि उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना टोकियोत उतरली तेव्हा ४६ वर्षांची होती, ते तिचं आठवं ऑलिंपिक. "आता नाही तर कधीच नाही" असं जे क्लासवाले पालकांना सांगतात, त्यांना हे सांगा.

हिशोबी_बाप

वाचतोय. प्रमाणपत्राचा माझा मुद्दा कायम आहे, पण तीन मुलींच्या गटातलं ब्राँझ पुढे कुठे चालत नाही, हे कबूल करतो. कुठली स्पर्धा, कुठली पातळी, ते बघतात आणि पडताळणीही होते. राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजली, तेव्हापासून कडक झालंय. म्हणजे ज्याच्यासाठी धावायचं ते चौथीत मिळतच नाही. हिशोब माझाच, उत्तर तुमच्या बाजूने आलं. असो.

शेंगाचटणी

सगळ्यांचे आभार. पाच दिवसांनी येतेय, कारण मनगट_आणि_मणका यांनी सांगितलं ते केलं. दोन्हीकडे जाऊन बसले.

दुसऱ्या क्लासमध्ये आत बसू दिलं, खोटं कशाला बोलू. सर तरुण, हसतमुख. मुलं आनंदात. वाईट काहीच दिसलं नाही. पण अर्ध्या तासात एकच संच सात वेळा, प्रत्येक वेळी मोबाइलवर चित्रीकरण, आणि जी मुलगी चुकली तिचं चित्रीकरण पुसायचं. पुसताना ती मुलगी बघत होती.

मग आमच्या हॉलमध्ये गेले. अर्धा तास पोरं फक्त उंच गादीवरून मागे पडत होती. धप्प, धप्प. आमची तिसरी होती रांगेत. पंधरा-वीस वेळा पडली, आणि दर वेळी सर म्हणायचे "हनुवटी". एवढंच. शेवटी तिने मागे कोलांटउडी घेतली तेव्हा सरांनी हात पुढे केला होता, पण तो तिला लागलाच नाही. तिला कळलंही नाही की ती एकटीने गेली. मला कळलं. मी उठून उभीच राहिले.

नंतर सरांशी बोलले. तुमचं स्पर्धेशी वाकडं आहे का, असं सरळच विचारलं. म्हणाले, "नाही हो. मी स्वतः स्पर्धेत वाढलोय. पण पहिल्या स्पर्धेत मूल वाईट पडलं की पुढची दोन वर्षं मला ती भीती काढण्यात जातात. त्यापेक्षा ही दोन वर्षं आधी घालतो." मग जरा थांबून म्हणाले, "तुम्ही पालक विचारत नाही, क्लास बदलता. तुम्ही विचारलंत."

एक कबुली द्यायची राहिली. ब्राँझवाल्या मैत्रिणीचा फोटो शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आला, त्याच रात्री मी लेकीच्या स्प्लिटचा व्हिडिओ माहेरच्या ग्रुपवर टाकला होता. तिला न विचारता. खाली "वा वा, मेडल कधी?" अशा नऊ कमेंट. धागा त्या रात्री काढला होता. तारीख बघितली तर कळेल.

तर ठरलं असं. डिसेंबरात सर आपल्याच हॉलमध्ये एक दिवस ठेवणार आहेत. पालक समोर बसणार, बाहेरचे एक पंच येणार, प्रत्येकाला त्याच्या चुका कागदावर लिहून मिळणार, क्रमांक नाही. उन्हाळ्यानंतर संघटनेच्या लहान गटाचं बघू म्हणाले. नंदीध्वज, तुमचा प्रश्न लेकीला विचारला. पहिला नंबर पाहिजे का पाठीवरचा? ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी येडीच आहे. म्हणाली, "पाठीवरचा. ११." अकराच का, तर तिचा वाढदिवस अकराला असतो.

कागद कापून, स्केचपेनने रंगवून तयार आहे. कपाटाला चिकटवलाय.

आता खरी अडचण: सोलापुरात लिओटार्ड (जिम्नॅस्टिक्सचा अंगाबरोबर बसणारा पोशाख) कुठे शिवून मिळतो? तयार मागवला तर खांद्यात घट्ट आणि पोटात ढगळ.

दक्षिणकसबा

ताणणारं कापड नवी पेठेत बघा, नाही मिळालं तर पुण्याहून आणा. शिलाई इथेच होईल. नाचाचे ड्रेस शिवणाऱ्यांकडे जा, साध्या टेलरकडे नको, तो ब्लाउजसारखे टक्स घालतो.

सडेतोड

वहिनीशी बोललो. तिथे दर सोमवारी वजन घेतात, सगळ्यांसमोर. वहिनीला वाटायचं तशी पद्धतच असते. मनगट_आणि_मणका, तुम्हाला विपू (वेगळा निरोप) केली आहे, जरा बघा.

मनगट_आणि_मणका

बघितली. उत्तर दिलंय.

पूर्वभाग_मास्तर

ताई, एक सांगायचं राहिलं. तो ११ नंबर सेफ्टी पिनानं लावू नका. मागं कोलांटी घेतली की पाठीत टोचतंय, पोर मधेच थांबतं. चार कोपऱ्यांना कच्चा टाका घाला.